दाखल्यातला रकाना
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



मी काही मोठा विद्वान नाही. सारा जन्म खडू आणि फळा यांच्या संगतीत गेला. त्यामुळे माझे बोलणे थोडे वर्गात शिकवल्यासारखे झाले तर आपण सांभाळून घ्यावे. विषय मी स्वतःच निवडला आहे. मुसलमान म्हणजे कोण? तो एक धर्म मानणाऱ्यांचा समाज आहे, की ती एक जात आहे, की एखादा वंश आहे? हा प्रश्न पुस्तकी वाटेल. पण मला तो पुस्तकात भेटला नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात भेटला, आणि तोही माझ्याच हस्ताक्षरात. ती हकिगत आधी सांगतो.

१९६५ च्या जूनमध्ये मी सातारा जिल्ह्यातील एका गावी प्राथमिक शिक्षक म्हणून रुजू झालो. वय एकवीस. डोक्यात मोठमोठे विचार. पहिल्याच आठवड्यात एक पिंजारी आपल्या मुलाला शाळेत घालण्यासाठी घेऊन आला. कापूस पिंजण्याची धनुकली त्याच्या खांद्यावरच होती. मी मुलाचे नाव लिहिले, जन्मतारीख अंदाजाने लिहिली, धर्माच्या रकान्यात 'मुसलमान' लिहिले. पुढे जातीचा रकाना आला. तो म्हणाला, "गुर्जी, आमी पिंजारी. तसं लिवा की." मी पेन खाली ठेवले आणि त्याला एक छोटेसे व्याख्यान दिले. म्हटले, "चाचा, आपल्यात जात नसते. अल्लाहच्या दरबारात सगळे सारखे. नमाजाच्या सफेत पिंजारी कोण आणि पाटील कोण?" बिचारा गप्प बसला. मी जातीच्या रकान्यातही ठसठशीत अक्षरात 'मुसलमान' लिहिले. त्या दिवशी आपण एक चांगले काम केले असे वाटून मी अगदी खुशीत घरी गेलो.

त्यानंतर त्रेचाळीस वर्षे गेली. २००८ च्या उन्हाळ्यात एक पन्नाशीचे गृहस्थ माझा पत्ता शोधत घरी आले. सोबत मुलगा होता. "गुरुजी, ओळखलंत का? मी तोच." मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा होता. पिंजारी जात इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहे. परंतु जातीचे प्रमाणपत्र आणि पुढे वैधता प्रमाणपत्र मिळवायचे तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. बापाच्या शाळेचा दाखला हाच तो पुरावा. आणि त्या दाखल्यावर जात होती 'मुसलमान'. कचेरीतल्या माणसाने सांगितले, की अशी काही जात यादीत नाही. त्याचे काही चुकले नव्हते.

मी त्यांच्याबरोबर कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलो. अखेर तलाठ्याकडच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, मोडी वळणाच्या अक्षरात, त्या मुलाच्या पणजोबांच्या नावापुढे 'पिंजारी' हा शब्द सापडला. एका अर्धशिक्षित कोतवालाने जसे ऐकले तसे लिहून ठेवले होते. प्रमाणपत्र मिळाले, पण एक वर्ष वाया गेले. जे काम कोतवालाने नीट केले ते मी, ट्रेनिंग झालेल्या मास्तराने, बिघडवले होते.

मित्रहो, मी धर्माबद्दल बोललो ते खोटे नव्हते. पण त्या माणसाने मला धर्म सांगितलाच नव्हता. तो आपला धंदा, आपली बिरादरी, आपली गरिबी सांगत होता. त्याच्या सांगण्यावर मी धर्माचा शिक्का मारला आणि त्याचे बाकीचे सगळे पुसून टाकले. त्या दिवसापासून मी या प्रश्नाचा विचार करीत आलो आहे.

आता थोडे शब्दांकडे वळू. धर्म म्हणजे श्रद्धा. ती माणूस स्वीकारू शकतो, सोडू शकतो. वंश किंवा वांशिक समाज म्हणजे ज्यांना आपले पूर्वज एक, आठवणी एक, चालीरीती आणि बहुधा भाषाही एक असे वाटते असे लोक. त्यात मनुष्य जन्माला येतो. अर्ज करून शिरत नाही. आणि आपल्या देशातली जात ही तिसरीच गोष्ट. तीही जन्माने येते, पण बहुधा धंद्याला चिकटून येते.

या कसोटीने मुसलमानांकडे पाहिले तर काय दिसते? २०११ च्या जनगणनेत भारतात मुसलमानांची संख्या सुमारे १७ कोटी २२ लाख होती. त्याच जनगणनेत उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ५ कोटी ७ लाख. उर्दू सांगणारे सगळेच मुसलमान आहेत असे धरले, तरी दहांतले सात मुसलमान दुसरीच कोणती तरी भाषा सांगतात. बंगाली, मल्याळी, तमिळ, काश्मिरी, आसामी, गुजराती. आपल्या महाराष्ट्रात मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख आणि उर्दू सांगणारे सुमारे ७५ लाख. चिपळूण-दापोलीकडचा मुसलमान घरात कोकणी बोलतो. मालेगाव-भिवंडीचा मोमीन मागावर बसून उर्दू बोलतो. आमच्या घाटावरचा मुलाणी, तांबोळी, आतार, बागवान, शिकलगार गावच्या मराठीतच भांडतो आणि गावच्या मराठीतच रडतो. आडनावे पाहा: देशमुख, पाटील, खोत, चौगुले, इनामदार. नुसत्या आडनावावरून धर्म सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

शिवाय धर्म एक असला म्हणजे लोक एक होतात असेही नाही. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात बंगाली भाषेसाठी विद्यार्थ्यांनी प्राण दिले, आणि १९७१ साली बांगलादेश निराळा झाला. दोन्ही बाजूंना मुसलमानच होते. नमाज एकच, पण आईची भाषा वेगळी होती. तेव्हा मुसलमान हा एक वंश आहे असे म्हणणे निदान हिशेबात तरी बसत नाही.

परंतु गोष्ट इथेच संपत नाही. धर्म आणि जन्म यांची गाठ कधी कधी फार घट्ट बसते. आपल्याच कोकणातले बेने इस्राएल लोक घ्या. रायगड जिल्ह्याच्या गावोगावी ते तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. मराठी बोलणारे, गावावरून आडनावे घेणारे हे यहुदी लोक इस्रायलमध्ये गेले, तेव्हा तिथल्या धर्मगुरूंनी विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा हुकूम काढला. ते यहुदी धर्म पाळतात याबद्दल शंका नव्हती. शंका रक्ताबद्दल होती. त्यांनी त्याविरुद्ध मोठे आंदोलन केले, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने ते सर्व बाबतीत यहुदीच असल्याचे जाहीर केले. धर्माची मोजणी रक्ताने होऊ लागली म्हणजे श्रद्धावान माणसालाही आपली वंशावळ पुढे करावी लागते, हा त्यातला धडा.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. तिथे १९७६ चा वंशभेदविरोधी कायदा होता. त्यात रंग, वंश, राष्ट्रीयत्व आणि वांशिक मूळ यांवरून भेदभाव करायला बंदी होती, पण धर्माचा उल्लेख नव्हता. बर्मिंगहॅममधील एका खाजगी शाळेने एका शीख मुलाला, पगडी काढून केस कापल्याशिवाय प्रवेश देणार नाही, असे सांगितले. खटला वरपर्यंत गेला. १९८३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की शीख हा केवळ धर्म नसून वांशिक समाजही आहे. कारण त्यांना स्वतःची म्हणून दीर्घ इतिहासाची जाणीव आहे आणि स्वतःची सांस्कृतिक परंपरा आहे. शिवाय प्रदेश, भाषा, वाङ्मय याही गोष्टी पाहिल्या गेल्या. शिखांना संरक्षण मिळाले. यहुद्यांनाही ते होतेच. मुसलमानांना मात्र मिळाले नाही. न्यायाधिकरणांचे म्हणणे असे, की मुसलमान अनेक देशांचे, अनेक भाषांचे, अनेक रंगांचे आहेत; तेव्हा ते वांशिक समाज नव्हेत.

गंमत पाहा. न्यायाधिकरण बोलले ते अगदी बरोबर होते, मीही आत्ता तेच सांगितले. पण त्या बरोबर उत्तराचा परिणाम असा, की दाढी किंवा हिजाब पाहून एखाद्याला कामावर घ्यायचे नाकारले तर त्याला सरळ दाद मागायची सोय उरली नाही. 'पाकिस्तानी म्हणून नाकारले' असे दाखवता आले तर गोष्ट वेगळी. 'मुसलमान म्हणून नाकारले' असे असेल तर इलाज नाही. ही उणीव २००३ मध्ये नोकरीपुरती भरली गेली, आणि २०१० च्या समता कायद्यात धर्म व श्रद्धा यांना वंशाच्या शेजारी स्वतंत्र जागा मिळाली. मला वाटते हाच रस्ता बरा. संरक्षण मिळवण्यासाठी मुसलमानाने स्वतःला वंश म्हणवून घेण्याची गरज नसावी. माणसाला ज्या कारणावरून दार बंद होते, ते कारण कायद्याने नावानिशी ओळखले म्हणजे पुरे.

तिसरे उदाहरण सांगताना मन जड होते. युगोस्लाव्हियातल्या बोस्नियात सर्ब, क्रोएट आणि मुसलमान एकच बोली बोलत, एकाच गल्लीत राहत. १९७१ च्या जनगणनेत 'राष्ट्रीयत्वाच्या अर्थाने मुसलमान' असा वर्ग तिथे केला गेला. शब्दाचे पहिले अक्षर मोठे लिहिले तर तो राष्ट्रसमाज, लहान लिहिले तर तो धर्म. त्यामुळे धर्म न मानणारा, कम्युनिस्ट असलेला माणूससुद्धा मोठ्या अक्षराचा 'मुसलमान' असू शकत होता. उलट पाच वेळा नमाज पढणारा अल्बेनियन हा अल्बेनियनच. १९९३ साली त्यांनी 'बोस्नियाक' हे जुने नाव पुन्हा घेतले. पण तोवर युद्ध पेटले होते. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. मारणाऱ्यांनी कोणालाही विचारले नाही, की बाबा रे, तू रोजा ठेवतोस का? नाव पुरेसे होते.

म्हणजे प्रश्नाचे उत्तर दुहेरी आहे. आतून पाहिले तर इस्लाम हा धर्म आहे. त्यात शेकडो भाषा, शेकडो बिरादऱ्या सामावल्या आहेत. पण बाहेरून जो द्वेष करतो तो त्याला जन्माची खूण समजतो. तो श्रद्धा विचारत नाही, नाव विचारतो. हा त्याच्या नजरेतला वंश आहे. मुसलमान वंश नाही. परंतु मुसलमानाला जी वागणूक मिळते ती मात्र पुष्कळदा वंशासारखी असते.

ही नजर कशी बनते? ठोकळेबाज कल्पनांनी बनते. दहा माणसे पाहायची तसदी नको म्हणून मनात एक ठोकळा तयार ठेवायचा. आपल्याबद्दलचे दोनतीन ठोकळे तपासून पाहू.

पहिला ठोकळा: मुसलमानांची मुले शाळेत जात नाहीत, मदरशात जातात. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवले, की शालेय वयाची केवळ ३ ते ४ टक्के मुसलमान मुले मदरशात आहेत. बाकीची साध्या शाळेत आहेत, किंवा कोणत्याच शाळेत नाहीत. खरे दुखणे मदरसा नव्हे. शाळा सुटणे हे आहे.

दुसरा ठोकळा: मुसलमान चार बायका करतात. १९७४ च्या स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या राष्ट्रीय समितीच्या अहवालात, १९६१ च्या पाहणीच्या आधारे, बहुपत्नीकत्वाचे प्रमाण हिंदूंत ५.८ टक्के आणि मुसलमानांत ५.७ टक्के दिले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण मुसलमान स्त्रियांत १.९ आणि हिंदू स्त्रियांत १.३ टक्के आहे. आकडा आपल्याकडे थोडा जास्त आहे हे मी लपवत नाही. एक स्त्रीसुद्धा सवतीचे दुःख भोगत असेल तर ते वाईटच. परंतु शंभरांतल्या दोघींवरून उरलेल्या अठ्ठ्याण्णव घरांची ओळख ठरवणे हा न्याय नव्हे.

तिसरा ठोकळा: यांची संख्या वाढतच राहणार. १९९२-९३ मध्ये मुसलमान स्त्रीला सरासरीने ४.४ मुले होत; २०१९-२१ मध्ये हा आकडा २.४ वर आला. हिंदू स्त्रीच्या बाबतीत तो ३.३ वरून १.९ वर आला. दोन्ही घरे एकाच उताराने खाली येत आहेत. आणि केरळातील मुसलमान स्त्रीपेक्षा बिहारातील हिंदू स्त्रीला सरासरीने अधिक मुले आहेत. मग हे काम धर्माचे, की शाळा आणि दवाखान्याचे? मुलगी दहावी झाली की पाळणा आपोआप लांबतो, हे आपल्या संस्थेच्या शिक्षिका मला अधिक चांगले सांगतील.

या सगळ्यांपेक्षा अवघड असतो तो गोड ठोकळा. अनेक भल्या माणसांनी मला म्हटले आहे, "गुरुजी, तुम्ही किती छान मराठी बोलता! तुम्ही मुसलमान वाटतच नाही." त्यांच्या मनात पाप नसते. मीही हसून चहा पितो. पण घरी येताना वाटते, श्रीगोंद्याचे शेख महंमद संतांच्या मांदियाळीत बसून मराठीत लिहून गेले, त्यालाही चार शतके होत आली. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांच्या डफाने मैदाने हलवली ते शाहीर अमर शेख बार्शीचे. १९९० साली पुण्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते. एवढे होऊनही माझी मातृभाषा मला बक्षीस म्हणून का मिळावी? ती माझ्या आईने दिली आहे.

आता थोडे कडू बोलतो; घरचा माणूस म्हणून बोलतो. ठोकळे बाहेरच घडतात असे नाही. आपल्या घरातही ते घडवण्याचा कारखाना आहे. उर्दू न येणाऱ्या खेड्यातल्या मुसलमानाला शहरातला आपला भाऊ कच्चा मुसलमान समजतो. समानतेवरचा खुतबा ऐकून बाहेर आलेला माणूस दारातच विचारतो, "मुलगी कोणत्या बिरादरीची?" सोयरिकीच्या वेळी बिरादरी असते, गरीब बिरादरीला सवलत मिळायची वेळ आली की मात्र 'आपल्यात जात नाही' असे आपण म्हणतो. मीही तेच म्हटले होते, आणि एका मुलाचे वर्ष घालवले. तसेच 'हिंदू सगळे असेच' म्हणणाऱ्या आपल्या ओटीवरच्या गप्पाही ठोकळेबाजच. दुसऱ्याने आपल्याला एकेकटा माणूस म्हणून पाहावे अशी अपेक्षा असेल, तर ती सवय आपल्यालाही लावून घ्यावी लागेल.

आपल्या राज्यघटनेने याबाबत मोठा सुज्ञपणा दाखवला आहे. तिच्या ३० व्या कलमात धर्मावर किंवा भाषेवर आधारलेल्या अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा हक्क आहे. त्याच हक्काने आपली ही संस्था उभी आहे. आणि १५ व्या व १६ व्या कलमांत मागासलेल्या वर्गांसाठी निराळी तरतूद आहे. म्हणजे घटनेने माणसाला एकच रकाना दिलेला नाही. तो श्रद्धेने मुसलमान असेल, भाषेने मराठी असेल, धंद्याने पिंजारी असेल आणि नागरिक म्हणून पूर्ण भारतीय असेल. यातले एक लिहिले म्हणून दुसरे खोडावे लागत नाही.

शेवटी तीन विनंत्या करतो आणि बसतो. शिक्षकांना विनंती अशी, की प्रवेशाच्या वेळी रकाने भरताना घाई करू नका. बाप काय सांगतो ते ऐका आणि तसेच लिहा. व्याख्यान द्यायचेच असेल तर ते शुक्रवारी द्या, रजिस्टरात देऊ नका. पालकांना विनंती अशी, की घरातले जुने दाखले, जन्माच्या नोंदी, जमिनीचे उतारे ट्रंकेतून काढून पाहा. मुलगा बारावीला गेल्यावर नव्हे, आजच. आणि विद्यार्थी मित्रांनो, उद्या शहरात कोणी तुम्हाला खोली नाकारील, कोणी नाव ऐकून भुवई उंचावील. त्या वेळी कायदा काय सांगतो हे माहीत करून घ्या, दाद मागा. पण त्याने तुमच्याभोवती आखलेल्या चौकटीत स्वतः जाऊन बसू नका. तुम्ही त्या चौकटीपेक्षा पुष्कळ मोठे आहात.

तो पिंजाऱ्याचा नातू आज इंजिनियर आहे. गेल्या ईदला तो भेटायला आला, तेव्हा आपल्या लहान मुलीच्या शाळेचा प्रवेशअर्ज बरोबर घेऊन आला होता. म्हणाला, "आजोबा, हा तुमच्या हातानं भरा." मी म्हटले, "नको रे बाबा." तो हट्टाला पेटला. मग मी चष्मा लावला, एकेक रकाना त्याला विचारला, आणि त्याने सांगितले ते अक्षर न् अक्षर तसेच लिहिले. मातृभाषेच्या रकान्यापाशी मी थांबलो. तो काही बोलायच्या आत ती चिमुरडीच म्हणाली, "मराठी लिहा की!"